कॉपी प्रोटेक्शनवाले जुने फ्लॉपी गेम्स इम्युलेटरवर कसे चालवायचे, आणि आपल्याकडच्या बुरशीचं काय करायचं

गणपतीच्या आधी पोटमाळा साफ करायला काढला की आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाच्या ना कुणाच्या घरात फ्लॉप्यांचा डबा निघतोच. बहुतेक डब्यांत कम्प्युटर क्लासमधून कॉपी मारून आणलेला माल असतो, अमकेटच्या फ्लॉपीवर पेनाने ‘डेव्ह’, ‘डिगर’, ‘प्रिन्स’ लिहिलेलं, आणि त्यातलं जे काही वाचलं जातं ते डॉसबॉक्समध्ये पटकन चालतं (हा एक इम्युलेटर, म्हणजे जुनं मशीन आजच्या कम्प्युटरवर चालवून दाखवणारा प्रोग्राम). हा लेख दुसऱ्या प्रकारच्या डब्यासाठी आहे. कोकणातली कितीतरी माणसं बोटीवर नाहीतर आखातात नोकरीला होती, सुट्टीवर येताना त्यांच्यातल्या काहींनी पोरांसाठी ओरिजिनल गेम्स आणले, खोका, मॅन्युअल, छापील लेबलची फ्लॉपी सगळं, आणि एखाद्याने सोबत अमिगा किंवा अटारी एसटी हे त्या काळचे घरगुती कम्प्युटरसुद्धा आणले. त्या ओरिजिनल फ्लॉपीची साधी इमेज, म्हणजे डिस्कवरचं सगळं एका फाईलीत उतरवलेली कॉपी, काढून इम्युलेटरला दिली की गेम सुरू होतो आणि मधेच ‘ओरिजिनल डिस्क टाका’ म्हणतो, नाहीतर काळा स्क्रीन देऊन गप्प बसतो.

लोकांना वाटतं फ्लॉपी खराब झाली. कधी झालेली असतेही, कारण आपला खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस फ्लॉपीला सोडत नाही. पण कधी कधी फ्लॉपी एकदम ठणठणीत असते आणि जो ‘बॅड सेक्टर’ दिसतोय तो कंपनीने कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम टाकलेला असतो, तेच प्रोटेक्शन. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो की कुठलंही रिपेअरचं सॉफ्टवेअर, स्कॅनडिस्क वगैरे ओरिजिनल फ्लॉपीवर चालवू नका. बुरशीचा डाग आणि मुद्दाम केलेली खोड साध्या ड्राइव्हला सारखीच दिसते, आणि रिपेअर करताना दुसरीही पुसली जाईल.

आधी प्रोटेक्शन म्हणजे काय ते बघू

पीसीच्या ३६० केबी फ्लॉपीवर दोन बाजू, बाजूला ४० ट्रॅक म्हणजे गोल रिंगणं, ट्रॅकला ९ सेक्टर म्हणजे तुकडे आणि सेक्टरला ५१२ बाईट असतात, गुणाकार करा, ३,६८,६४० येतात. साधी आयएमजी फाईल म्हणजे बरोब्बर एवढेच बाईट, ओळीने. पण खऱ्या फ्लॉपीवर याच्यापेक्षा बरंच काही असतं, दोन सेक्टरांमधली मोकळी जागा, प्रत्येक सेक्टरच्या डोक्यावरचा नंबर, चेकसम म्हणजे बाईट बरोबर वाचले का ते पडताळायचा आकडा, बिट किती वेगात लिहिलेत, आणि प्रोटेक्शन नेमकं तिथेच असतं. खरेदीखताची झेरॉक्स काढली की अक्षरं सगळी येतात पण शिक्क्याचा कागदावर उठलेला दाब येत नाही, आयएमजीचं अगदी तसंच आहे.

प्रकार बरेच होते. सोपा प्रकार म्हणजे सेक्टरचा चेकसम मुद्दाम चुकवायचा, किंवा एकाच ट्रॅकवर एकाच नंबरचे दोन सेक्टर ठेवायचे, किंवा नंबरच भलता द्यायचा. त्याच्यावरचा प्रकार वीक बिट किंवा फझी बिट, म्हणजे ठराविक जागी चुंबकीय खूण इतकी डळमळीत ठेवायची की दर वेळी वाचताना वेगळं उत्तर येईल. गेम तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचतो आणि उत्तर दर वेळी सेम आलं तर ओळखतो की ही कॉपी आहे. अटारी एसटीवरचा डंजन मास्टर, १९८७ चा, फझी बिटांसाठी गाजलेला, आणि तो खेळ चालू असतानाही मधूनमधून तपासतो. अमिगावर रॉब नॉर्थनचं कॉपीलॉक होतं, त्यात एका ट्रॅकवरचे काही सेक्टर किंचित जास्त आणि किंचित कमी वेगाने लिहिलेले असत आणि गेम ते वाचायला किती वेळ लागला तो मोजायचा. घरच्या ड्राइव्हला असं लिहिताच येत नसे, कारखान्यातल्या कॉपी मशीनलाच यायचं. पीसीवर प्रोलॉक म्हणून एक होतं त्यात तर लेसरने डिस्कवर बारीकशी इजाच केलेली असायची.

म्हणजे आपल्याला बाईट नुसते नकोत, डिस्कच्या पृष्ठभागावर चुंबकीय बदल कुठे आणि किती अंतराने झालेत त्याची नोंद पाहिजे. याला फ्लक्स इमेज म्हणतात. फ्लक्स घेतला की मग नंतर वाटेल तेव्हा त्याच्यातून बाकीचे फॉरमॅट काढता येतात, उलटं कधीच होत नाही.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी

साडेतीन इंची असेल तर पत्र्याचं शटर बोटाने सरकवा, मागचा धातूचा गोल हळूहळू फिरवा आणि तिरक्या उजेडात पूर्ण चकती बघा. सव्वापाच इंची असेल तर कव्हरच्या लांबट खिडकीतून बघत मधल्या भोकाने चकती फिरवा. पांढुरके ठिपके, जाळीसारखे धागे, चंद्रकोरीसारखे मळके डाग, हे सगळं बुरशी. असं काही दिसलं तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायचीच नाही, कारण हेड त्या डागावर घासलं की डाग नि त्याच्याखालचं चुंबकीय लेपण दोन्ही खरवडून निघतं, आणि वर हेडला चिकटलेला मळ पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडा पाडतो. डबाभर फ्लॉप्या एका पाठोपाठ एक घालून बघायचा मोह होतो तो आवरा.

साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाईल रिपेअरवाल्यांच्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागितलं की मिळतं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. धागे न सुटणारं कापड किंवा फोमचा बोळा ओला करून, दाब न देता, चकती थोडी थोडी फिरवत पुसा, दोन्ही बाजू. बोळ्यावर पांढरट मळ आला तर ठीक, पण तपकिरी रंग उतरायला लागला तर ताबडतोब थांबा, म्हणजे लेपणच सुटतंय आणि ती फ्लॉपी तुम्ही नंतर एकदाच, सगळ्यात शेवटी, वाचायला ठेवायची. सव्वापाच इंचीचं कव्हर वरच्या कडेने कापून चकती बाहेर काढता येते, धुवून पुसून दुसऱ्या स्वच्छ टाकाऊ फ्लॉपीच्या कव्हरात घालायची. ओरिजिनलचं लेबल असलेलं कव्हर मात्र फेकू नका. तोंडाला मास्क लावा आणि हे काम पडवीत करा, बंद खोलीत नको, बुरशीची धूळ छातीत जाते.

वाळवायला उन्हात ठेवायची नाही, हेअर ड्रायर नाही, चुलीच्या जवळ तर नाहीच. सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा, रात्रभर. आणि जमेल तर हे सगळं काम पावसाळ्यात काढूच नका, डबा सापडतो गणपतीत पण काम दिवाळीनंतर करा, तोपर्यंत फ्लॉप्या सिलिका जेलसोबत डब्यात बंद.

राइट प्रोटेक्टही आत्ताच करा, म्हणजे फ्लॉपीवर चुकून काही लिहिलं जाणार नाही. साडेतीन इंचीला कोपऱ्यातलं भोक उघडं म्हणजे प्रोटेक्ट, सव्वापाच इंचीला उलटं, बाजूची खाच झाकली म्हणजे प्रोटेक्ट. कंपनीच्या कितीतरी सव्वापाच इंची ओरिजिनलला खाचच नसते, तिथे काही करायचं नाही.

वाचायचं कशाने

यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह या कामाला चालत नाही. तो सेक्टरचे बाईट देतो, फ्लक्स देत नाही, अमिगाची डिस्क तर त्याला ओळखूच येत नाही. तुम्हाला जुन्या डेस्कटॉपमधला ३४ पिनच्या पट्टीच्या केबलवाला ड्राइव्ह पाहिजे, आणि ड्राइव्ह नि कम्प्युटरच्या मधे ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड. कीर फ्रेझरने केलेला हा प्रोजेक्ट ओपन सोर्स आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतं. क्रायोफ्लक्स आणि सुपरकार्ड प्रो हेसुद्धा हेच काम करतात, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ग्रीझवीझलच सांगेन, कारण सगळ्यात स्वस्त पडतो आणि लोकांनी त्याच्यावर एवढं काम केलंय की अडलं तर उत्तर सापडतं.

ड्राइव्ह भंगारवाल्याकडे, जुन्या सायबर कॅफेच्या सामानात, शाळेच्या बाद झालेल्या पीसीत मिळतो. साडेतीन इंचीला ५ व्होल्ट पुरतात, सव्वापाच इंचीला १२ व्होल्टही लागतात, म्हणून वेगळा पॉवर सप्लाय ठेवा. किनाऱ्यालगत ठेवलेल्या ड्राइव्हच्या लोखंडी दांड्यांवर गंज चढलेला असतो, तो पुसून किंचित हलकं ग्रीस लावा, हेड आयपीएने पुसा, आणि ग्रीझवीझलच्या आरपीएम कमांडने वेग तपासा, साडेतीन इंचीचा ३०० आणि सव्वापाच इंची १.२ एमबीवाल्याचा ३६० च्या आसपास स्थिर दिसला पाहिजे. लाईटचा भरवसा नसेल तर यूपीएसवर करा, डिस्क फिरताना लाईट गेली तर वाचन अर्धवट राहतं आणि नाजूक फ्लॉपीला पुन्हा तोच ताण द्यावा लागतो.

पट्टीच्या केबलला पीळ असेल तर पिळाच्या पुढच्या टोकाला लावलेला ड्राइव्ह ‘ए’ समजला जातो, पीळ नसलेल्या केबलवर बहुतेक पीसी ड्राइव्ह ‘बी’ म्हणून दिसतो. ड्राइव्ह सापडत नाही म्हणून घाबरण्याआधी हे बघा.

फ्लक्स घेताना

फाईलचा फॉरमॅट एससीपी ठेवा, हा फ्लक्स इमेजचा फॉरमॅट आहे, आणि ट्रॅकला चकतीच्या पाच फेऱ्या घ्या. एका फेरीत वीक बिट कळतच नाही, कारण दर वेळी वेगळं येतं हे कळायला वेगवेगळ्या वेळा वाचलेलं पाहिजे ना. फॉरमॅटचं नाव, म्हणजे आयबीएम ३६० वगैरे, देऊ नका, दिलं तर सॉफ्टवेअर त्याच साच्यात डिस्क बसवायला बघतं आणि प्रोटेक्शन गळतं. ट्रॅकही नेहमीपेक्षा जरा जास्त वाचा, ४० ट्रॅकच्या डिस्कला ४१-४२ पर्यंत, ८० च्या डिस्कला ८१-८२ पर्यंत, कारण काही कंपन्या नेहमीच्या हद्दीबाहेर काहीतरी लपवायच्या. ड्राइव्ह शेवटाला कचकच आवाज करायला लागला तर तिथे थांबवा.

३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचत असाल तर हेडला दोन दोन पावलं टाकायला सांगावं लागतं, ग्रीझवीझलमध्ये स्टेप दोन. नाहीतर ट्रॅक अर्ध्यातच वाचल्यासारखे येतात. अशा ड्राइव्हने वाचणं ठीक, लिहिणं नको, त्याचं हेड अरुंद असतं.

आता बुरशी की प्रोटेक्शन

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि बाहेरच्या गाईडमध्ये याच्यावर फारसं काही नसतं कारण त्यांच्याकडे एवढी दमट हवाच नसते.

एचएक्ससी फ्लॉपी इम्युलेटरचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, एससीपी फाईल त्यात उघडा आणि ट्रॅक अॅनालायझरमध्ये डिस्कचं गोल चित्र बघा. चांगले सेक्टर हिरवे, चुकीच्या चेकसमचे लाल. आता हिशोब असा करा. साडेतीन इंचीवर दोन ट्रॅकमधलं अंतर साधारण ०.१९ मिमी असतं, म्हणजे दोन मिमीचा बुरशीचा ठिपका दहा-अकरा ट्रॅक झाकतो. ३६० केबीच्या सव्वापाच इंचीवर अंतर ०.५३ मिमी, तिथे तोच ठिपका चारेक ट्रॅक झाकेल. म्हणून शेजारशेजारच्या ट्रॅकवर एकाच कोनात लाल चट्टा दिसला तर ते नुकसान आहे, पुन्हा साफ करा, पुन्हा वाचा. पण एकच ट्रॅक लाल, त्याच्या आधीचा नि नंतरचा एकदम स्वच्छ हिरवा, असं असेल तर ते प्रोटेक्शन असायची शक्यता खूप जास्त. एका ट्रॅकवर नऊ सेक्टर असायला पाहिजेत तिथे दहा दिसतात, किंवा एखाद्या सेक्टरचा नंबर २४७ असा काहीतरी आहे, हे तर बुरशी करूच शकत नाही.

दुसरी खूण, त्या जागी पाचही फेऱ्यांत काय येतं ते बघा. चेकसम चुकलेला आहे पण पाचही वेळा बाईट तेच, तर बहुतेक मुद्दाम चुकवलेला. बाईट बदलतात पण फक्त सेक्टरच्या ठराविक भागात आणि बाकी सेक्टर शुद्ध, तर वीक बिट. बाईट बदलतात आणि आजूबाजूचं सगळंच लडबडलंय, तर घाण. आणि तीच गेम दुसऱ्या कुणाच्या घरी निघाली तर तिचाही फ्लक्स घ्या, दोन वेगवेगळ्या घरांतल्या बुरशीने एकाच ट्रॅकच्या एकाच सेक्टरला गाठणं जवळपास अशक्य, त्यामुळे दोन्हीकडे सेम ‘एरर’ म्हणजे ती कारखान्यातूनच आलेली.

एससीपीच्या दोन कॉपी करा, एक पेन ड्राइव्हवर आणि एक घराबाहेर कुठेतरी, आणि मूळ फाईल रीड ओन्ली करा.

इम्युलेटर निवडताना

डॉसबॉक्स डॉसचे गेम्स सुंदर चालवतो पण तो फ्लॉपी कंट्रोलरची आतली चाल करून दाखवत नाही, त्यामुळे डिस्कवरच्या प्रोटेक्शनला त्याच्याकडे उत्तर नाही. पीसीसाठी दोन सांगतो. मार्टीपीसी हा जुन्या आयबीएम पीसी, एक्सटी, पीसीज्युनियर, टँडी १००० या मशीनसाठी आहे, फ्लक्सपातळीच्या फाईली घेतो, आणि १९८० च्या दशकातल्या गेम्ससाठी मी पहिला हाच लावून बघतो. ८६बॉक्स ३८६-४८६ पर्यंत आणि पुढेही जातो, त्याला मशीनच्या रॉम फाईली वेगळ्या द्याव्या लागतात, आणि त्याच्यासाठी एचएक्ससीच्या सॉफ्टवेअरमधून एचएक्ससी एमएफएम फाईल काढून द्यायची. ८६बॉक्सच्या फ्लॉपी सेटिंगमध्ये ड्राइव्हचा प्रकार डिस्कशी जुळवा, ३६० केबीला ३६०, आणि टर्बो टायमिंगची खूण काढून टाका. वेळ मोजणारं प्रोटेक्शन टर्बोवर हमखास पडतं. मशीनही गेमच्या काळाचीच घ्या, ४.७७ मेगाहर्ट्झच्या गेमला पेंटियम देऊ नका.

काही पीसी गेम्सना डॉस लागतच नाही, १९८२ चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा १९८४ चा किंग्ज क्वेस्ट, डिस्क ‘ए’ ला लावून मशीन चालू केलं की सरळ गेम. अशा डिस्कची डिर मारली, म्हणजे डॉसमध्ये फाईलींची यादी मागितली, तर कचरा दिसतो किंवा काहीच दिसत नाही, ते नॉर्मल आहे. दुसऱ्या काही गेम्स हार्ड डिस्कवर कॉपी होतात पण सुरू होताना ‘ए’ मध्ये ओरिजिनल शोधतात, तिथे गेम ‘सी’ वरून चालवा आणि फ्लक्सवाली इमेज ‘ए’ ला लावून ठेवा.

अमिगासाठी विनयूएई. मशीन ए५००, किकस्टार्ट (अमिगाचा रॉम) १.३, ५१२ केबी चिप रॅम आणि ५१२ केबी स्लो रॅम, सायकल एक्झॅक्ट चालू, फ्लॉपीचा वेग १०० टक्के, टर्बो नाही. ८८० केबीची एडीएफ फाईल, म्हणजे अमिगाच्या डिस्कची साधी इमेज, ९,०१,१२० बाईटची असते आणि तिच्यात प्रोटेक्शन येत नाही, एससीपी द्या. आयपीएफ, म्हणजे प्रोटेक्शनसकट जपलेल्या इमेजच्या फाईली, तुम्हाला मिळाल्या तर कॅप्सइमेज नावाचं प्लगइन विनयूएईमध्ये टाकावं लागतं, आयपीएफ घरी बनवता येत नाही, सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन सोसायटी फ्लक्स तपासून बनवते. किकस्टार्ट रॉम अमिगा फॉरएव्हरच्या पॅकेजमध्ये रीतसर मिळतो.

अटारी एसटीला हटारी किंवा स्टीम एसएसई, स्टीम एससीपी घेतो, हटारीला एसटीएक्स किंवा आयपीएफ, आणि फास्ट फ्लॉपीचा पर्याय बंद. कमोडोर ६४ ला व्हाइस, जी६४ फाईल आणि ट्रू ड्राइव्ह इम्युलेशन चालू. अॅपल टू आपल्याकडे फार कमी निघतो, त्याला डब्ल्यूओझेड फॉरमॅट आणि अॅपलविन.

टायटल स्क्रीन आला म्हणजे जमलं असं समजू नका. डंजन मास्टरसारख्या गेम्स उशिरा तपासतात, अर्धा-एक तास खरंच खेळा, सेव्ह करा, पुन्हा लोड करा.

कागदावरचं प्रोटेक्शन

काही गेम्सची डिस्क साधी असते आणि प्रश्न मॅन्युअलमधून येतात. प्रिन्स ऑफ पर्शियात पहिली लेव्हल संपली की बाटल्यांवर अक्षरं येतात आणि मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेलीच बाटली प्यायची, आपल्याकडे मॅन्युअल कुणाकडेच नव्हतं म्हणून पोरं अंदाजाने पीत बसायची. मंकी आयलंडला फिरवायची पुठ्ठ्याची चकती होती. म्हणून खोक्यात जे कागद असतील ते सगळे, चकतीची प्रत्येक स्थिती धरून, मोबाईलने नाही, स्कॅनरने ३०० डीपीआयला स्कॅन करा. कसरीने ते खायच्या आत.

कायद्याचं थोडक्यात. भारताच्या कॉपीराइट अॅक्ट १९५७ च्या कलम ५२ मध्ये रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची, नुकसानीपासून वाचवायला, स्वतःच्या वापरासाठी बॅकअप कॉपी काढायची मुभा आहे. ती दुसऱ्यांना वाटायची मुभा नाही, आणि प्रोटेक्शन फोडण्याबद्दल २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलंय. वरच्या पद्धतीत आपण प्रोटेक्शन तोडत नाही, ते जसंच्या तसं ठेवतो, मला ही पद्धत क्रॅकपेक्षा, म्हणजे प्रोटेक्शन काढून टाकलेल्या कॉपीपेक्षा, आवडायचं तेही एक कारण आहे.

अडलं तर या क्रमाने बघा

गेम ओरिजिनल डिस्क मागतोय, तर टर्बो बंद आहे का, इमेज खरंच फ्लक्सची आहे का की चुकून आयएमजी लावलीय, आणि ड्राइव्हचा प्रकार बरोबर आहे का. गेम कधी चालतो कधी नाही, तर मशीनचा वेग आणि मॉडेल बदलून बघा, आणि तरी तसंच असेल तर तो ट्रॅक परत वाचा, या वेळी जास्त फेऱ्या घेऊन. फक्त दुसरी डिस्क मागताना अडतो, तर इमेज बदलताना एक-दोन सेकंद ड्राइव्ह रिकामा ठेवा, काही गेम्स डिस्क बाहेर निघाल्याची वाट बघतात. सेव्ह होत नाही, तर मूळ एससीपीला हात न लावता मशीनमध्येच रिकामी डिस्क फॉरमॅट करून तिच्यावर सेव्ह करा, आणि गेम मूळ डिस्कवरच लिहायला मागत असेल तर लिहिता येईल अशा फॉरमॅटमध्ये कामाची वेगळी कॉपी काढून ती वापरा. आणि दोन गेम्सच्या मधे ड्राइव्हचं हेड पुसायला विसरू नका, निदान बुरशी आलेल्या डब्यातल्या फ्लॉप्या चालू असेपर्यंत तरी प्रत्येक फ्लॉपीनंतर.